जुन्या आउटबोर्ड मोटरीचे पुनश्चालन

नौकेच्या पिछाडीच्या फळीस दोन पेचांनी आवळावयाचे आणि काम संपताच उचलून घरी न्यावयाचे एंजिन म्हणजे आउटबोर्ड मोटर. यंत्रविद्येच्या विद्यार्थ्यास हा विषय वरकरणी किरकोळ वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः हातभर उंचीच्या या यंत्रात विद्युतप्रवर्तन, वायूंचे प्रवाह, वंगण, द्रवांचे पंपन, दंतचक्रांची जुळणी आणि धातूंचे क्षरण हे सर्व विषय एकमेकांस खेटून बसलेले असतात. पन्नास-साठ वर्षे गोदामात पडून राहिलेली अशी मोटर पुन्हा सुरू करणे म्हणजे या प्रत्येक विषयाची एकामागून एक परीक्षा घेणे होय. शिवाय त्यात एक जोखीम असते, आणि ती बहुधा ध्यानात येत नाही. इतक्या वर्षांच्या पडिकपणाने यंत्राचे जेवढे नुकसान झालेले नसते, तेवढे पहिल्या पाच मिनिटांच्या उतावीळ प्रयत्नाने होते.

नौकेच्या बाहेर टांगलेल्या एंजिनाची कल्पना पेट्रोल एंजिनाहूनही थोडी निराळ्या मार्गाने आलेली आहे. गुस्ताव्ह त्रुव्हे या फ्रेंच विद्युततज्ज्ञाने १८८१ साली पॅरिस येथे सेन नदीवर एक लहान होडी विजेवर चालवून दाखविली. तिची चालकयंत्रणा सुकाणूस जोडलेली व काढता येण्याजोगी होती. पुढे अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमन याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पेट्रोलवर चालणारी अशी मोटर बाजारात आणली. तथापि तिचा खरा प्रसार झाला तो नॉर्वेत १८७७ साली जन्मलेल्या व विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहरात कारखाना असलेल्या ओले एव्हिनरूड याच्या मोटरीमुळे. १९०९ सालची ती मोटर दीड अश्वशक्तीची व सुमारे ६२ पौंड, म्हणजे २८ किलोग्रॅम वजनाची होती. वल्ह्यांवर पोट असणाऱ्या मच्छीमारास आणि रविवारी सरोवरावर जाणाऱ्या गिरणीतील कामगारास परवडेल असे हे पहिलेच यंत्र. पुढील दोन दशकांत एव्हिनरूड आणि जॉन्सन बंधू यांच्यात मोठी स्पर्धा चालली. १९३६ साली ही दोन्ही नावे एकाच कंपनीच्या छत्राखाली आली. त्या कंपनीचे दिवाळे डिसेंबर २००० मध्ये निघाले आणि तिच्या वारसदार कंपनीने २०२० साली एव्हिनरूड मोटरींचे उत्पादनही थांबविले. या इतिहासाचा दुरुस्तीशी प्रत्यक्ष संबंध आहे तो असा की, जुन्या मोटरीच्या पाठीशी उभा राहणारा मूळ कारखाना आता उरलेला नाही. सुटे भाग, मोजमापे आणि कारागिरांचे तोंडी ज्ञान हे सर्व हौशी संग्राहकांच्या हाती गेले आहे. त्यांतील सर्वांत जुन्या संघटनांपैकी एक, अँटिक आउटबोर्ड मोटर क्लब, ही १९६५ साली अमेरिकेत स्थापन झाली.

विवेचन हवेत राहू नये म्हणून एक निश्चित नमुना समोर ठेवणे इष्ट. जॉन्सन कंपनीने इलिनॉय राज्यातील वॉकीगन येथील कारखान्यातून १९४९ साली क्यू-डी नावाची दहा अश्वशक्तीची मोटर बाहेर काढली आणि तिच्या सुधारित आवृत्त्या पुढे सारे दशकभर विकल्या. पुढे, मोकळे आणि मागे अशी तिन्ही स्थाने देणारी दंतचक्रपेटी, आणि एंजिनाच्या डोक्यावर न बसविता होडीत पायाशी ठेवावयाची स्वतंत्र इंधनटाकी, या दोन सोयी एकत्र देणारी ही मोटर फार खपली व म्हणून आजही पुष्कळ सापडते. तिला दोन सिलिंडर आहेत; प्रत्येकाचा व्यास २⅜ इंच आणि दट्ट्याचा प्रवास १⅞ इंच, मिळून घनफळ सुमारे २७२ घनसेंटिमीटर. दोन्ही दट्ट्ये आळीपाळीने काम करतात: एक वर असता दुसरा खाली. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण इंधनटाकीचा सारा खेळ तीवरच बेतलेला आहे.

अशी मोटर हाती आली की बहुतेक जण पहिली गोष्ट करतात ती म्हणजे दोरी ओढून पाहणे. ही पहिली चूक होय. सिलिंडरच्या लोखंडी अस्तरावर गंजाचा पापुद्रा असेल तर दट्ट्याच्या कड्या त्यावर घासून अस्तरास चरे पाडतात. कडी एखाद्या झरोक्याच्या कडेस अडकली तर तुटते. पाण्याच्या पंपातील वाळून लाकडासारखे झालेले रबर पहिल्याच फेऱ्यात तुकडे होऊन वरच्या नळीत जाऊन बसते. म्हणून प्रथम प्लग काढून त्या छिद्रांतून सिलिंडरमध्ये झिरपणारे पातळ तेल सोडावे व एंजिन काही दिवस तसेच ठेवावे. दट्ट्ये पूर्ण जाम असतील तर संग्राहक ॲसिटोन व मोटारीच्या स्वयंचलित गिअरपेटीचे तेल समभाग मिसळून वापरतात. ॲसिटोन पातळपणामुळे फटीत शिरते, मग उडून जाते आणि तेल मागे राहते. यानंतर गतिपालक चक्र दोन्ही हातांनी, किंचित पुढे किंचित मागे, असे हलवून पाहावे. हातोडा, लांब दांड्याचा पाना आणि अधीरता ही तीनही साधने या टप्प्यावर दूर ठेवलेली बरी.

एंजिन मोकळे फिरू लागल्यावर चार प्रश्न क्रमाने विचारावयाचे असतात. दाब आहे काय? ठिणगी आहे काय? इंधन पोहोचते काय? आणि थंड करणारे पाणी वर चढते काय? क्रम महत्त्वाचा आहे, कारण आधीच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल तर पुढच्यावर केलेला खर्च व्यर्थ जातो. दाबाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. मापकावर येणारा आकडा मोटरीच्या जातीनुसार व मापकानुसार बदलतो. दोन्ही सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या जवळ असणे हीच खरी कसोटी. एक पुष्कळ कमी असेल तर कड्या चिकटलेल्या आहेत किंवा डोक्याचे पॅकिंग फुटलेले आहे असे समजावे. मात्र द्विघाती एंजिनात आणखी एक दाब असतो व त्याकडे दुर्लक्ष होते. तो क्रँककेसमधील. येथे दट्ट्याची खालची बाजूही पंपाचे काम करते: दट्ट्या वर जाताना पोलादी पातळ पानांच्या झडपांतून मिश्रण आत ओढले जाते, खाली येताना ते दाबून सिलिंडरमध्ये ढकलले जाते. भुजादंडाच्या टोकांशी असलेली सीले झिजली तर येथे हवा शिरते आणि मग कार्ब्युरेटर कितीही निर्मळ असला तरी मोटर मंद गतीवर टिकत नाही.

आता ठिणगीचा प्रश्न, आणि सर्वाधिक जुन्या मोटरी येथेच अडतात. या मोटरीत बॅटरी नाही. गतिपालक चक्राच्या आतल्या बाजूस कायम चुंबक बसविलेले असून ते स्थिर पट्टीवरील दोन वेटोळ्यांजवळून फिरते. प्रत्येक वेटोळ्यात जाड तारेचे थोडे वळसे आणि त्यांवर केसासारख्या तारेचे हजारो वळसे असतात. चुंबक जवळून जाताना आतल्या मंडलात प्रवाह उत्पन्न होतो. तो कमाल मूल्याजवळ असतानाच भुजादंडावरील उंचवटा संपर्कटोके उघडतो, प्रवाह एकाएकी तुटतो, चुंबकीय अभिवाह कोसळतो आणि बाहेरच्या वळशांत हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. फॅराडेने १८३१ साली दाखविलेल्या प्रवर्तनाचाच हा उपयोग. टोकांना समांतर जोडलेले धारित्र, कारागिरांच्या बोलीतील कंडेन्सर, टोके उघडताना त्यांच्यामध्ये ज्योत उठू देत नाही व प्रवाह शक्य तितका झटकन तोडते. ४००० फेऱ्यांच्या गतीवर प्रत्येक जोडी टोके सेकंदास सुमारे ६७ वेळा उघडतात, हे ध्यानी घेतले म्हणजे त्यांच्या झिजेचे नवल वाटत नाही.

परंतु पडून राहिलेल्या मोटरीत दोष झिजेचा नसतो. बहुधा तो न दिसणाऱ्या पापुद्र्याचा असतो. संपर्कटोकांवर दमट हवेने जो ऑक्साइडचा थर चढतो तो इतका पातळ असतो की टोके डोळ्यांस चकचकीत दिसतात. हाताने दोरी ओढताना आतल्या मंडलात उत्पन्न होणारा दाब थोड्या व्होल्टांचाच असल्याने हा थर भेदण्यास तो असमर्थ ठरतो. प्रवाह वाहत नाही, म्हणून तुटतही नाही, आणि ठिणगी पडत नाही. नवीन वेटोळी, नवीन धारित्र, नवीन प्लग अशी खरेदी करूनही मोटर मुकी राहिल्याची उदाहरणे संग्राहकांत नेहमी सांगितली जातात. कारण एवढेच की, टोके पुसावयाची राहिली होती. ती बारीक कानशीने हलकेच घासून मग कोऱ्या पांढऱ्या कागदाची पट्टी स्पिरिटात भिजवून त्यांच्यामधून दोनतीन वेळा ओढावी. एमरी कागद वापरू नये; त्याचे कण टोकांत रुततात. कापूसही नको, कारण त्याचा एक तंतू मागे राहिला तरी पुरे.

येथवर पोहोचण्यासाठी गतिपालक चक्र काढावे लागते, आणि ते शंक्वाकार आसावर घट्ट बसलेले असते. चक्राच्या मध्यभागी असलेल्या आटेदार छिद्रांत स्क्रू बसवून ओढणारे साधन वापरणे हा एकच मान्य मार्ग. काठ पकडून ओढणाऱ्या पकडीने चक्र वाकते. आसाच्या टोकावर हातोडा मारल्याने आटे बसतात व धारवांवर आघात होतो. चक्र निघाल्यावर आसातील छोटी चावी तपासावी. ही चावी शक्ती वाहून नेण्यासाठी नसते. ती काम शंकूच्या घर्षणाचे. चावी फक्त चक्राचे स्थान निश्चित करते. ती अर्धवट कातरली गेली असेल तर चुंबक आणि टोके यांचा मेळ बिघडतो व सर्व भाग निर्दोष असूनही मोटर सुरू होत नाही किंवा उलट झटका मारते.

संपर्कटोकांतील अंतर ०.०२० इंच, म्हणजे जवळजवळ अर्धा मिलिमीटर, ठेवावयाचे असते. हे केवळ अंतराचे माप नसून वेळेचे माप आहे. अंतर वाढविले की टोके लौकर उघडतात, कमी केले की उशिरा. दोन सिलिंडरांची टोके निरनिराळ्या अंतरावर ठेवली तर एक सिलिंडर दुसऱ्यापेक्षा आधी पेटतो आणि एंजिन लंगडत चालते. म्हणून पातळ पट्ट्यांच्या मापकावर पूर्ण भिस्त न ठेवता विद्युतरोधमापक लावून टोके नेमकी कोणत्या खुणेवर उघडतात हे पाहणारा कारागीर अधिक शहाणा समजावा.

१९५० च्या दशकातील या घराण्याच्या मोटरींत वेटोळ्यांचा एक ठळक दोष आहे. त्यांवरील घट्ट आवरण कालांतराने आकसून त्यास तडे जातात, तड्यांतून दमटपणा शिरतो आणि उच्च दाबाची वीज प्लगकडे जाण्याऐवजी आतल्या आत जमिनीस मिळते. तडा दिसला की वेटोळे बदलावे. दुरुस्तीचा लेप टिकत नाही. तडा नसेल तर परीक्षा घ्यावी, पण योग्य रीतीने. प्लग बाहेर काढून एंजिनास टेकवून ठेवला व ठिणगी दिसली म्हणजे झाले, असा समज सार्वत्रिक आहे, व तो अपुरा आहे. वायूचा दाब वाढला की तेच अंतर ओलांडण्यास अधिक विद्युतदाब लागतो, हे पाशेनने १८८९ साली प्रयोगाने सिद्ध केले. मोकळ्या हवेत प्लगच्या ०.०३० इंचाच्या फटीत नाचणारी अशक्त ठिणगी सिलिंडरमधील दाबाखाली विझून जाते. यास्तव मोकळ्या हवेत पाव इंचाची, म्हणजे सहा मिलिमीटरची फट ठेवून ती ओलांडणारी निळी, कडकडणारी ठिणगी मिळते काय हे पाहावे. परीक्षेच्या वेळी कोणतीही प्लगची तार अधांतरी सोडून दोरी ओढू नये. बाहेर जाण्यास वाट नसलेला दाब वेटोळ्याच्या आवरणातून आपली वाट काढतो आणि चांगले वेटोळे परीक्षकाच्या हातूनच निकामी होते.

इंधनाच्या बाजूस आल्यावर जुने यंत्र आणि आजचे पेट्रोल यांचा संघर्ष समोर येतो. या मोटरीच्या कार्ब्युरेटरातील तरंगी बुचाची असते आणि पेट्रोल आत शोषले जाऊ नये म्हणून तिला लाखेचे रोगण दिलेले असते. लाख पेट्रोलात विरघळत नाही. मद्यार्कात मात्र सहज विरघळते. अमेरिकेतील बहुतेक पेट्रोलात आज १० टक्के इथेनॉल असते आणि भारतात हे प्रमाण २०२५ पर्यंत २० टक्क्यांवर नेण्यात आले. अशा इंधनात रोगण काही काळाने सुटते, बूच पेट्रोल पिऊन जड होते, तरंगी बुडते, सुई बंद होत नाही आणि कार्ब्युरेटर भरून वाहू लागतो. सुटलेली लाख चिकट लगद्याच्या रूपाने बारीक छिद्रांत जाऊन बसते ती वेगळीच. शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा शोषते, आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की मद्यार्क व पाणी यांचा थर पेट्रोलापासून निराळा होऊन तळाशी बसतो. नेमक्या तळाशीच टाकीची शोषणनळी असते. जुन्या रबरी नळ्याही या मिश्रणात फुगतात व मऊ पडतात. म्हणून तरंगीवरील जुने रोगण पूर्णपणे काढून, ती चांगली वाळवून, तिला मद्यार्कास दाद न देणाऱ्या पदार्थाचा लेप द्यावा लागतो; संग्राहक यासाठी सायनोॲक्रिलेट जातीचा झटपट चिकटणारा गोंद वापरतात. जेथे इथेनॉलविरहित पेट्रोल मिळते तेथे तेच घेणे श्रेयस्कर.

वंगणाचे प्रमाण हा वादाचा विषय होण्याचे खरोखर कारण नाही, तरी तो होतो. द्विघाती एंजिनात तेल पेट्रोलातच मिसळून जाते व क्रँककेसमधून जाताना धारवांवर आपला अंश ठेवते. या पिढीच्या मोटरींस २४ भाग पेट्रोलास १ भाग तेल, म्हणजे लिटरमागे सुमारे ४२ मिलिलिटर, असे प्रमाण धरतात. ५० ला १ हे प्रमाण या कारखान्याने १९६४ पासून, बदललेल्या धारवांच्या व तेलांच्या आधारे स्वीकारले. आजची तेले अधिक चांगली आहेत म्हणून जुन्या मोटरीसही ५० ला १ चालेल, हा युक्तिवाद फसवा आहे. तेल सुधारले, धारवे तीच राहिली. तेल पाण्याने थंड होणाऱ्या नौका-एंजिनांसाठी बनविलेलेच हवे, मोटारसायकलचे नव्हे.

यानंतर टाकी. क्यू-डी मोटरीच्या टाकीपासून एंजिनापर्यंत एक नव्हे, दोन नळ्या जोडीने जातात. एंजिनात इंधनपंप नाही. दोन क्रँककेसांत आळीपाळीने उत्पन्न होणारा दाब एकमार्गी झडपांतून एका नळीवाटे टाकीत जातो, टाकीतील हवा दाबली जाते आणि तो दाब दुसऱ्या नळीवाटे पेट्रोल वर चढवितो. रचना चतुर आहे, यात शंका नाही. परंतु तिचा अर्थ असा की, होडीत पायाशी ठेवलेली पेट्रोलची टाकी दाबाखाली असते. झाकणाचे पॅकिंग वाळले तर दाब टिकत नाही व मोटर मिनिटभर चालून बंद पडते; आणि नळी निसटली किंवा चिरली तर पेट्रोलची फवार उडते, तीही तापलेल्या एंजिनाच्या सान्निध्यात.

येथे पुनरुज्जीवन करणाऱ्यासमोर खरा पेच उभा राहतो. क्रँककेसच्या स्पंदनांवर चालणारा पडद्याचा लहान पंप बसवून, एकमार्गी झडपा बंद करून आणि साधी एकपदरी नळी व हल्लीची बिनदाबाची टाकी वापरून हा धोका दूर करता येतो. कारखान्याने स्वतःही पुढे हाच मार्ग धरला. एका पक्षाचे म्हणणे असे की, नौकेत माणसे बसणार असतील तर मूळ रचनेचा हट्ट म्हणजे अविचार होय. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, दाबाची टाकी हेच या मोटरीचे ऐतिहासिक वैशिष्ट्य. तीच काढून टाकली तर उरलेले यंत्र काय सांगणार? दोन्ही बाजूंत तथ्य आहे, पण ती सारख्या वजनाची नाहीत. पाण्यावर नेण्याच्या मोटरीत पंप बसवावा, आणि तो असा बसवावा की एकही नवे छिद्र पाडावे लागू नये; काढलेल्या झडपा, नळी व टाकी पिशवीत घालून मोटरीसोबत ठेवाव्यात. ज्या मोटरीत एकही भाग पूर्वी बदललेला नाही अशी दुर्मिळ प्रत सापडली, तर तिला पाण्यावर नेण्याचा मोह आवरावा. संग्रहालयशास्त्रात ज्यास परतवता येणारा हस्तक्षेप म्हणतात त्याचे तत्त्व येथे जसेच्या तसे लागू पडते.

पाण्याचा पंप दंतचक्रपेटीच्या माथ्यावर, पाण्याखाली असतो. विकेंद्री घरात फिरणारे रबरी पात्यांचे चक्र मंद गतीवर पाणी ढकलून वर चढविते. गती वाढली की पाती मागे वाकतात व तेच चक्र केंद्रोत्सारी पंपासारखे वागू लागते. एकाच वस्तूकडून दोन पद्धतींचे काम करून घेण्याची ही युक्ती फार सुंदर आहे. तिची किंमत अशी की, पाणी नसताना काही सेकंद फिरले तरी रबर जळते. जुने चक्र कसेही दिसो, ते बदलावेच. मात्र ते बदलण्यासाठी खालचा पाय सोडवावा लागतो, आणि खाऱ्या पाण्यात वापरलेल्या मोटरीत पोलादी स्क्रू ॲल्युमिनियमच्या घरात विद्युतरासायनिक क्षरणाने अक्षरशः चिणले गेलेले असतात. पुनरुज्जीवनातील सर्वाधिक शोकान्तिका येथे घडतात: स्क्रूचे डोके तुटते आणि अर्ध्या दिवसाचे काम महिन्याचे होते. घरास गरम हवा द्यावी, पोलादापेक्षा ॲल्युमिनियम अधिक प्रसरण पावते याचा लाभ घ्यावा. झिरपणारे तेल सोडावे. स्क्रू सोडविण्याआधी तो केसभर आवळून पाहावा म्हणजे क्षाराची पकड तुटते. पुन्हा जोडताना पाण्याची तांब्याची नळी आपल्या रबरी बुशात नीट शिरली आहे याची खात्री करावी. ती बाजूस गेली तर पंप नवा असूनही पाणी वर जात नाही. दंतचक्रपेटीतील तेल दुधाळ निघाले तर आत पाणी गेलेले आहे. सील बदलावे आणि नवे तेल खालच्या छिद्रातून, वरच्या छिद्रातून ते बाहेर येईपर्यंत भरावे, म्हणजे हवा आत कोंडली जात नाही.

पहिली चालना पाण्याच्या मोठ्या पिंपात, उघड्या जागी द्यावी. धुरातील कार्बन मोनॉक्साइड बंद खोलीत प्राणघातक ठरतो. कार्ब्युरेटरावरील मंद व जलद गतीच्या सुया आधी सुमारे एक ते दीड फेरा उघड्या ठेवाव्यात. सिलिंडरांत मुरलेले तेल जळून पहिली काही मिनिटे पांढरा-निळा धूर येणारच. त्याने घाबरण्याचे कारण नाही. एंजिन तापल्यावर मंद गतीची सुई हळूहळू बंद करीत जावे. एक क्षण असा येतो की, मिश्रण विरळ होऊन एंजिन कार्ब्युरेटरातून शिंकते. तेथून सुई किंचित उघडली की योग्य जागा सापडते. पाणी फिरते आहे हे पाहण्यासाठी या जातीच्या कित्येक मोटरींत निराळी तोटी नसते. पायाच्या मागील छिद्रांतून धुरासवे तुषार बाहेर येतात काय हे पाहावे, आणि डोक्यावर पाण्याचा थेंब टाकावा. तो चुरचुरून उडाला तर एंजिन तत्काळ बंद करावे. पिंपात फार वेळ चालवू नये. पंख्याने घुसळलेल्या पाण्यात हवा मिसळते, पंप ती हवा ओढतो आणि पाणीही तापत जाते. पूर्ण गतीची परीक्षा पिंपात होत नाही. ती खुल्या पाण्यावरच घ्यावयाची असते.

ते खुले पाणी कोठे असावे, हा मात्र आज यांत्रिक प्रश्न राहिलेला नाही. या एंजिनांत ताजे मिश्रण सिलिंडरच्या एका बाजूने शिरते व दट्ट्याच्या माथ्यावरील उंचवट्यावर आपटून वर वळते. तरीही त्याचा काही भाग जळलेल्या वायूंबरोबर थेट बाहेर निसटतो. कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या जुन्या द्विघाती नौका-एंजिनांत इंधनाचा चौथा हिस्सा, किंवा त्याहून अधिकही, न जळता पाण्यात जाऊ शकतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९६ साली नव्या नौका-एंजिनांतून बाहेर पडणारे हायड्रोकार्बन सुमारे ७५ टक्क्यांनी घटविण्याचे नियम केले. कॅलिफोर्निया व नेव्हाडा यांच्या सीमेवरील टाहो सरोवरावर १९९९ पासून कार्ब्युरेटरवरील द्विघाती एंजिनांना बंदीच झाली. पिण्याचे पाणी पुरविणाऱ्या जलाशयावर जुनी मोटर हौसेखातर फिरविण्याचे समर्थन कोणत्याही ऐतिहासिक प्रेमाने होणार नाही. उलटपक्षी, वर्षातून एकदोनदा थोडा वेळ चालविलेली मोटर आणि दररोज धावणारा ताफा यांना एकाच मापाने मोजणेही न्याय्य नव्हे. संग्राहकांच्या मेळाव्यांत हल्ली मोटरी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या पाण्यावर चालविल्या जातात. ही तडजोड आहे, पण वाईट नाही.

चालविल्यानंतरची व्यवस्था थोडक्यात सांगता येते. इंधनाची नळी सोडून एंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्ब्युरेटरात पेट्रोल उरत नाही. तरी तळाचा स्क्रू काढून राहिलेले थेंब गाळावे. प्लगच्या छिद्रांतून थोडे तेल सोडून चक्र दोनचार वेळा हाताने फिरवावे. खाऱ्या पाण्यातून आलेली मोटर गोड्या पाण्यात पुन्हा काही मिनिटे चालवावी. ती नेहमी उभीच ठेवावी, म्हणजे पायातील पाणी निथळून जाते. थंड प्रदेशांत ते पाणी गोठून प्रसरण पावते आणि दंतचक्रपेटीचे घर फोडते. शेवटी एक कागदी चिठ्ठी दोऱ्याने हँडलास बांधावी व तीवर कोणते वेटोळे बदलले, टोकांचे अंतर किती ठेवले, तेलाचे प्रमाण काय होते आणि काढलेले मूळ भाग कोठे ठेवले आहेत, हे शाईने तारीखवार लिहून ठेवावे.